राजमा, हरभरे आणि रबरबँड: बॅक्टेरियाच्या डीएनएची कात्री त्याच्यावरच कशी उलटते ते घरी करून बघायची पद्धत

भाचीची टीवायची व्हायवा जवळ आली होती, रविवारी सकाळी ती ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला माझ्याकडे आली, सोबत दोन मैत्रिणी, आणि चपला काढता काढताच प्रश्न, "आत्या, रेस्ट्रिक्शन एन्झाइम बॅक्टेरियाला व्हायरसपासून वाचवतं ना? मग नोट्समध्ये असं का लिहिलंय की तेच एन्झाइम बॅक्टेरियाला मारतं?" प्रश्न बरोबर होता. मी तोंडी सांगायला गेले तर दहा मिनिटांत तिघींच्या डोळ्यांवर झापड. मग स्वयंपाकघरातून राजम्याचा डबा काढला आणि जे केलं ते इथे लिहितेय, कारण त्यानंतर चार-पाच जणांनी विचारलं की नक्की कसं खेळायचं. बारावी बायोपासून एमएस्सीपर्यंत कोणालाही चालतं, खर्च वीस-तीस रुपये, आणि घरात एकही जंतू वाढवायचा नाही, ते काम कॉलेजच्या लॅबचं.

आधी थोडक्यात गोष्ट. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली लांब दुहेरी पट्टी, आणि रेस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणजे ती कापणारी कात्री. इको आर वन नावाची अशी कात्री ई. कोलाय या बॅक्टेरियामधून मिळाली. ते डीएनएवर जीएएटीटीसी ही सहा अक्षरं शोधतं आणि सापडली की जी आणि ए च्या मधे कापतं. व्हायरसचा डीएनए आत आला की त्याचे तुकडे. पण हीच सहा अक्षरं बॅक्टेरियाच्या स्वतःच्या क्रोमोसोमवरही आहेत की! सहा अक्षरांचा शब्द नुसत्या योगायोगाने साधारण ४,०९६ अक्षरांमागे एकदा येतो, ई. कोलायचा क्रोमोसोम ४६ लाख अक्षरांचा, म्हणजे हिशोबाने अकराशेच्या आसपास जागा (प्रत्यक्षात त्याहून कमी आहेत, पण शेकड्यात आहेत). तर या जागा वाचवायला सोबत दुसरं एन्झाइम असतं, मिथाइलेज, ते त्या सहा अक्षरांतल्या दुसऱ्या ए वर मिथाइलचा छोटा ठिपका लावतं. ठिपका असला की कात्री हात लावत नाही. सोसायटीच्या पार्किंगचं स्टिकर समजा. ज्या गाडीवर स्टिकर नाही तिला टोइंग, आणि स्टिकर देणारा माणूस न् टोइंगवाला दोघंही एकाच एजन्सीचे.

ही एजन्सी म्हणजे प्लाझ्मिड, पेशीत क्रोमोसोमपासून वेगळा असलेला डीएनएचा छोटा गोल. इको आर वनची दोन्ही जीन्स प्लाझ्मिडवर शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि प्लाझ्मिड ही काही पेशीची कायमची मालमत्ता नाही, विभागणीच्या वेळी एखाद्या पिल्लाच्या वाट्याला ते येतच नाही. तेव्हा काय होतं, तेच आपल्याला ताटात बघायचंय.

सामान असं: दोन ए-फोर कागद, एक पिवळा हायलायटर, एक रबरबँड, मूठभर राजमा, मूठभर हरभरे (काबुली घ्या, लांबून दिसतात), कात्री, सेलोटेप, चार ताटल्या आणि एक नाणं. आणि पंखा बंद. हे मी मजेत लिहीत नाहीये, जूनमधला उकाडा म्हणून आम्ही पंखा चालू ठेवला आणि दुसऱ्या राउंडला अर्धा क्रोमोसोम टीव्हीच्या मागे गेला.

कागद उभा धरून दोन-दोन सेंटीमीटरच्या पट्ट्या कापायच्या, एका कागदाच्या दहा निघतात, म्हणजे एकूण वीस. दहा पट्ट्यांवर चार ठिकाणी जीएएटीटीसी लिहायचं, ही वरची पट्टी. उरलेल्या दहांवर बरोब्बर त्याच चार ठिकाणी सीटीटीएएजी (ए समोर टी, जी समोर सी), ही खालची. खालची पट्टी उजवीकडून वाचली की परत जीएएटीटीसीच येतं, हे पोरांना स्वतःला शोधू द्या, सांगू नका, तो "अरेच्चा" फार महत्त्वाचा आहे. आता एक वरची आणि एक खालची पट्टी जुळवून ठेवली की झाला क्रोमोसोम. चारही जागांवर दोन्ही पट्ट्यांवर हायलायटरने ठिपका द्या, वर डावीकडून दुसऱ्या ए वर आणि खाली उजवीकडून दुसऱ्या ए वर. बरोबर दिले असतील तर दोन ठिपके मधोमध, एकमेकांना तिरके लागून येतात. तसे नाही आले तर कुठल्यातरी पोराने पहिल्या ए वर दिलाय. हमखास होतं.

ताटलीत हा क्रोमोसोम, एक रबरबँड म्हणजे प्लाझ्मिड, आठ राजमे म्हणजे मिथाइलेज, आठ हरभरे म्हणजे कात्री.

आता नियम, आणि इथे घाई करायची नाही. प्रत्येक राउंडला दोन पट्ट्या वेगळ्या करायच्या, प्रत्येक जुन्या पट्टीला एक कोरी नवी जोडीदार द्यायची (वरचीला खालची, खालचीला वरची), दोन ताटल्या करायच्या, राजमा-हरभरे निम्मे-निम्मे वाटायचे. ज्या ताटलीत रबरबँड आहे तिथे दोन्ही परत आठ-आठ भरायचे, कारण जीन्स आहेत तर एन्झाइम बनत राहणार. ज्या ताटलीत रबरबँड नाही तिथे भरती बंद, जे वाट्याला आलं तेवढंच. मग आधी राजम्याची पाळी, एक राजमा एका राउंडला एकाच जागेवरचा राहिलेला ठिपका पुरा करतो. मग हरभऱ्याची पाळी, पण हरभरा कापणार फक्त तिथे जिथे वर आणि खाली दोन्हीकडे ठिपका नाही. एका बाजूला जरी असला तरी कापत नाही असंच धरा, खेळापुरतं ते पुरेसं खरं आहे.

पहिला राउंड. रबरबँड एकाच ताटलीत जाऊ द्या, मुद्दाम. दुसरीत चार राजमे, चार हरभरे, आणि चारही जागांवर जुन्या पट्टीचा ठिपका आहे, नव्या पट्टीचा नाही. चार राजमे चार जागा, सगळं पुरं झालं. पोरं म्हणतात, "काहीच झालं नाही." बरोबर, काहीच झालं नाही, रबरबँड हरवलाय आणि पेशीला पत्ताही नाही.

दुसरा राउंड, फक्त त्या बिनरबरबँडच्या ताटलीचा. आता दोन ताटल्या, प्रत्येकी दोन राजमे, दोन हरभरे. चार जागा अर्ध्या ठिपक्याच्या, राजमे दोनच, म्हणजे दोन जागा पुऱ्या होतात आणि दोन अर्ध्याच राहतात. कापणं अजूनही नाही, कारण प्रत्येक जागेवर निदान एक ठिपका आहे. इथे थांबायचं आणि विचारायचं, पुढच्या राउंडला काय होईल? आमच्याकडे भाचीची मैत्रीण म्हणाली काही नाही, कारण हरभरे पण कमी झाले ना. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर येतेच.

तिसरा राउंड. अर्ध्या ठिपक्याच्या जागा असलेली जोडी सुटी केली की जुनी पट्टी एका ताटलीत, आणि ती दोन जागा कोऱ्या असलेली पट्टी दुसऱ्या ताटलीत. त्या कोऱ्या पट्टीला नवीन जोडीदारही कोराच. झालं, दोन जागांवर वरही ठिपका नाही आणि खालीही नाही. ताटलीत एक राजमा, एक हरभरा. राजमा एक जागा वाचवतो. हरभरा दुसरी कापतो. जी आणि ए च्या मधे वरून, आणि खालून उजवीकडच्या जी आणि ए च्या मधे, पायरीसारखा काप, दोन्ही टोकांना चार-चार अक्षरं लोंबकळत. खरी कात्री घेऊन कापायला लावा. आमच्याकडे तिघी एकदम गप्प झाल्या, बाहेर कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

चार ताटल्यांपैकी दोन गेल्या. उरलेल्या दोघींचं चौथ्या राउंडला काय होतं ते नाणं उडवून ठरवायचं, कारण एका राजम्याचे दोन होत नाहीत, छापा आला तर राजमा या ताटलीत, काटा आला तर त्या, हरभऱ्याचंही तसंच. कधी वाचतात, कधी जातात. खऱ्या पेशींतही प्लाझ्मिड गेल्याबरोबर कोणी मरत नाही, काही पिढ्या जातात आणि मग जिवंत पेशींची वाढ अडकते. चांगल्या मीडियमवर ३७ डिग्रीला ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे हे सगळं नाटक एका दुपारचं आहे.

आता ते मैत्रिणीचं वाक्य. कात्रीही निम्मी होते, मिथाइलेजही निम्मं होतं, मग कात्री का जिंकते? कारण काम सारखं नाहीये. मिथाइलेजला *सगळ्या* जागा राखायच्यात, कात्रीला *एक* पुरते. शंभर खिडक्यांच्या बिल्डिंगला एक वॉचमन आणि एक चोर, तसं. मी स्वतः दोन वर्षं हे चुकीचं शिकवलं, कबूल करते. मी सांगायचे की मिथाइलेज लवकर सडतं आणि कात्री टिकते म्हणून पेशी मरते. ऐकायला छान वाटतं आणि पोरं पटकन मान डोलवतात. पण ती गोष्ट दुसऱ्या एका सिस्टीमची आहे, टॉक्सिन-अँटिटॉक्सिनची, म्हणजे विष आणि त्याचा उतारा. तिथे अँटिटॉक्सिन खरंच नाजूक असतं, पेशीतली प्रोटीएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) त्याला खाऊन टाकते आणि टॉक्सिन मोकळं सुटतं. इको आर वनमध्ये मात्र दोन्ही एन्झाइम टिकाऊ निघाली, मारतो तो वाटणीचा हिशोब. म्हणूनच खेळात राजमा आणि हरभरे अगदी सारखे द्यायचे. एकाला जास्त दिलात तर मुद्दाच मेला. आणि हो, सुरुवातीला बत्तीस-बत्तीस देऊ नका, मी एकदा दिले होते, पाचव्या राउंडपर्यंत कोणी मरेना आणि सगळे मोबाइल काढून बसले.

काप झाल्यावर पेशी लगेच मेली असं दाखवू नका, कारण अशा मरण्याला पुस्तकात "प्रोग्राम्ड सेल डेथ" म्हणतात आणि इथेच त्या "प्रोग्राम्ड" शब्दाची खरी गंमत आहे. लोंबकळणारी टोकं एकमेकांना जुळणारी असतात, लायगेज हे डीएनए जोडणारं एन्झाइम ती परत चिकटवू शकतं. म्हणून प्रत्येक ताटलीला सेलोटेपचे दोन तुकडे द्या. कापलं, चिकटवलं. परत कापलं (ठिपका नाहीये ना अजून), परत चिकटवलं. तिसऱ्यांदा टेप संपली. आता उघडं टोक तसंच राहिलं, आणि उघडं टोक दिसलं की रेकबीसीडी नावाचं मशीन तिथून डीएनए खात सुटतं. टोकाकडून कागद फाडत जायचा, चर्रकन, आवाज येऊ द्या. कुठवर फाडायचा? पट्टीवर आधीच कुठेतरी एक लाल चांदणी काढून ठेवा, ही चांदणी म्हणजे "काय" (ग्रीक अक्षर χ, इंग्रजीत Chi) नावाची खूण, जीसीटीजीजीटीजीजी ही आठ अक्षरं, ई. कोलायच्या क्रोमोसोमवर ती हजाराच्या आसपास ठिकाणी आहेत. चांदणी लागली की मशीनचा नूर बदलतो, खाणं आवरून ते रेकए या दुरुस्तीच्या प्रोटीनला बोलावतं आणि शेजारी धड कॉपी असेल तर तिच्यावरून दुरुस्ती होते. चांदणी म्हणजे "हा आपलाच आहे" अशी खूण. दुरुस्ती जमली तर पेशी वाचते. पण ठिपक्याविना जागा वाढतच चालल्यात, चार ठिकाणी एकदम काप पडले की धड कॉपी आणणार कुठून.

याच वेळी दुसरीकडे एसओएसची, म्हणजे डीएनए बिघडल्याची, घंटा वाजते. रेकए जागं झालं की लेक्सए हा ब्रेक सुटतो, सुलए नावाचं प्रोटीन बनतं आणि ते विभागणीची रिंग बनूच देत नाही. पेशी लांबत जाते पण तुटत नाही, मायक्रोस्कोपखाली शेवयांसारख्या लांबच लांब पेशी दिसतात. प्लाझ्मिड हरवलेल्या ई. कोलायमध्ये अशा शेवया खरंच बघितल्या गेल्यात. भाचीने वहीत शेवई काढली आणि खाली लिहिलं "थांबलेय, पण मेले नाहीये अजून". व्हायवात हे वाक्य चालणार नाही, पण समजलंय याचा पुरावा यापेक्षा चांगला मिळत नाही.

हे सगळं कोणी दाखवलं? १९९५ साली जपानच्या इचिझो कोबायाशी यांच्या गटाने, 'सायन्स' या नियतकालिकात. कल्पना साधी होती. एका पेशीत दोन सारख्या जातीची प्लाझ्मिडं एकत्र टिकत नाहीत, एक दुसऱ्याला हुसकावतं. पण ज्या प्लाझ्मिडवर कात्री-मिथाइलेजची जोडी होती त्याला हुसकावणं अवघड गेलं, कारण ज्यांनी ते गमावलं त्या पेशींचा क्रोमोसोम कापला जाऊन त्या मेल्या, आणि मागे राहिल्या त्याच, ज्यांच्याकडे प्लाझ्मिड होतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय स्थिर प्लाझ्मिड आहे! स्थिर कसलं, हप्तावसुली आहे ती. १९७८ चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना मिळालं ते या कात्र्यांच्या शोधासाठी आणि वापरासाठी, तेव्हा सगळे यांना बॅक्टेरियाचे बॉडीगार्ड म्हणत होते. कोबायाशींनी म्हटलं की बॉडीगार्ड आहे, पण नोकरीवरून काढलात तर मालकालाच संपवतो.

म्हणून माझं मत विचाराल तर याला बॅक्टेरियाची आत्महत्या म्हणू नका. प्रोग्राम आहे, पण तो पेशीचा नाही, प्लाझ्मिडचा. परीक्षकाने "इज इट सुसाइड" विचारलं तर हे सांगायचं आणि मग लगेच दुसरं उदाहरण द्यायचं, जिथे आत्महत्या शब्द शोभतो. सीबास नावाची एक संरक्षण यंत्रणा आहे, व्हायरस आत आला की पेशी एक छोटा गोल निरोप-रेणू बनवते, तो न्यूकसी या एन्झाइमला लागला की त्याचे तीन-तीनचे दोन गट मिळून सहाचा गठ्ठा बनतो आणि तो पेशीचा सगळा डीएनए बारीक चिरून टाकतो. व्हायरसची पिल्लं तयार व्हायच्या आधीच घर पेटवून दिलं. ती पेशी गेली, आजूबाजूच्या तिच्या बहिणी वाचल्या. आपल्या शरीरातल्या पेशी मरताना त्यांचा डीएनए साधारण दोनशे-दोनशे अक्षरांच्या पटीत तुटतो आणि जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करून दाखवतं ते) शिडी दिसते, ते चित्र शेजारी ठेवलं की परीक्षक खूष, फक्त दोन्ही एन्झाइम एकच आहेत असं म्हणू नका.

अजून दोन ठिकाणी पोरं घसरतात. मॅझएफ हे टॉक्सिन डीएनए कापत नाही, ते आरएनए कापतं. आणि एफ नावाच्या प्लाझ्मिडवरचं सीसीडीबी हे टॉक्सिन स्वतः काहीच कापत नाही, गायरेज नावाचं पेशीचंच एन्झाइम डीएनए कापून परत जोडत असतं, सीसीडीबी त्याला कापलेल्या अवस्थेत पकडून ठेवतं. म्हणजे हात गायरेजचा, डाव सीसीडीबीचा. घरात औषधांच्या डब्यात सिप्रोफ्लोक्सासिनची पट्टी पडलेली असते ना, तीही याच गायरेजला अशीच अडकवते.

लॅबमध्ये काही बघायचंच असेल तर लॅम्डाचं (ई. कोलायला लागणाऱ्या व्हायरसच्या डीएनएचं) डायजेस्ट लावा, म्हणजे तो इको आर वनने कापून बघा, बहुतेक कॉलेजात प्रॅक्टिकलला असतंच. लॅम्डा ४८,५०२ अक्षरांचा, हिशोबाने इको आर वनच्या बारा जागा यायला हव्यात, असतात फक्त पाच. पाच काप, सहा तुकडे, पण जेलवर बहुतेकांना पाचच पट्टे दिसतात कारण ५,८०४ आणि ५,६४३ चे दोन तुकडे जवळजवळ एकावर एक बसतात. भाचीने जर्नलमध्ये प्रामाणिकपणे पाच लिहिले आणि मार्क कापले गेले. एन्झाइम उणे वीसच्या फ्रीझरमधून काढून बर्फावरच ठेवायचं आणि शेवटी घालायचं, आणि रिॲक्शनमध्ये एन्झाइमचा भाग दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण ते ग्लिसरॉलमध्ये येतं आणि ग्लिसरॉल जास्त झालं की ते भलतीकडेही कापायला लागतं.

शेवटी वेळ उरला तर खेळाचा एक वेगळा डाव लावा. दुसऱ्या रंगाचा रबरबँड घ्या, त्याच्याकडेही राजमा-हरभरे आहेत आणि तोही जीएएटीटीसीच ओळखतो. आता पहिला रबरबँड हरवला तरी दुसऱ्याचे राजमे ठिपके लावतच राहतात, एकही ताटली मरत नाही, आणि पहिल्याची धमकी फुसकी ठरते. मग दुसऱ्या रबरबँडचा शब्द बदलून बघा, म्हणजे तो वेगळीच सहा अक्षरं ओळखतो, आणि पहिला हरवा. पोरांना आधी अंदाज लिहून ठेवायला सांगा. यासाठी पट्ट्या जास्त लागतात, तिसरा कागद आधीच कापून ठेवा, मधेच कापत बसलात की राउंड कुठला चाललाय ते विसरायला होतं.